विभागता आलं नाही, तर त्वचेची पेशी काय करते?

सोरायसिससाठी डॉक्टर मेथोट्रेक्सेट नावाची छोटीशी गोळी लिहून देतात. आठवड्यातून एकदाच घ्यायची, असं दोनदा बजावतात. घरी आल्यावर माणूस मोबाइलवर ते नाव शोधतो आणि पहिल्याच ओळीत वाचतो: कर्करोगावरचं औषध, पेशींमधली डीएनएची निर्मिती रोखतं. पोटात गोळा येतो. खाज आणि कोंड्यासाठी गेलो होतो, तर हे काय हातात दिलं?

मी काही वर्षं पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे नातेवाइकांकडून, ओळखीपाळखीतून नेहमी येतो. "कर्करोगाचं औषध असलं तरी डोस कमी असतो" एवढं उत्तर देऊन भागतं. पण त्यात सगळ्यात सुंदर भाग राहून जातो. डीएनए बनवणं अडवलं की वेगवेगळ्या पेशी वेगवेगळं वागतात आणि त्वचेच्या पेशीचं वागणं अगदी तिचं स्वतःचं असतं. ते समजलं, तर गोळीची भीतीही योग्य जागी बसते.

तळाशी जन्म, वरती शेवट

त्वचेचा सर्वांत वरचा पदर, म्हणजे बाह्यत्वचा, अंगावर बहुतेक ठिकाणी जेमतेम कागदाएवढा जाड असतो. त्यात पेशींचे थर एकावर एक रचलेले असतात. विभागण्याचं काम मुख्यतः अगदी तळाच्या थरात चालतं. तिथल्या पेशी लहान, गोलसर आणि खालच्या पायाला घट्ट धरून बसलेल्या असतात. त्यांतली एखादी पेशी पाया सोडते आणि वर सरकायला लागते. इथून तिचा परतीचा रस्ता बंद होतो.

वर जाताना ती बदलत जाते. केराटिन नावाच्या चिवट धाग्यांनी भरते, पसरट होते. तिच्या आवरणाच्या आतल्या बाजूला प्रथिनांचं एक कवच तयार होतं. इन्व्होल्युक्रिन, लोरिक्रिन अशी ही प्रथिनं एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने एकमेकांना अक्षरशः सांधली जातात. मग पेशी आपलं केंद्रक, म्हणजे डीएनए ठेवलेली कोठी, स्वतःच मोडून टाकते. शेवटी उरतो तो एक निर्जीव, चपटा, पाणी न झिरपू देणारा खवला. असे पंधरा-वीस थर आपल्या अंगावर असतात आणि अंग पुसताना त्यांतले वरचे रोज निघून जातात. तळापासून गळून पडेपर्यंतचा हा प्रवास साधारण ४ ते ६ आठवड्यांचा.

शास्त्रात या बदलाला विभेदन म्हणतात. मी मात्र 'पिकणं' म्हणेन, कारण झाडाच्या पानाचं आणि या पेशीचं शेवटचं पर्व फार सारखं आहे. पान पिकतं आणि गळतं. गळणं हा त्याच्या आयुष्यातला अपघात नसतो. त्वचेच्या पेशीचंही तसंच. मरून खवला होणं हेच तिचं काम आहे.

पोथीची नक्कल आणि आटलेली शाई

विभागण्याआधी पेशीला आपल्या सगळ्या डीएनएची दुसरी प्रत काढावी लागते. सुमारे ६ अब्ज अक्षरांची ही पोथी. माणसाची पेशी ती साधारण ८ तासांत उतरवून काढते. अक्षरं फक्त चार, त्यांतलं एक थायमिन.

आता कल्पना करा की चार रंगांच्या शाईने नक्कल चालली आहे आणि मध्येच एका रंगाची शाई आटली. मेथोट्रेक्सेट हेच करतं. फोलेट या जीवनसत्त्वाला पुन्हा पुन्हा वापरण्याजोगं करणारा एक विकर ते अडवतं आणि फोलेटशिवाय थायमिन बनत नाही. ५-फ्लुओरोयुरॅसिल हे औषध थायमिन बनवणाऱ्या विकरालाच जाऊन चिकटतं. हायड्रॉक्सीयुरिया चारही शायांचा पुरवठा एकदम घटवतं. सायटाराबिन खोटं अक्षर घुसवतं, त्यामुळे लेखणी पुढे सरकत नाही. मायटोमायसिन तर पोथीची पानंच एकमेकांना डकवून टाकतं. वाटा निरनिराळ्या, पण सगळ्यांचा परिणाम एकच: नक्कल अर्धवट.

यातली खरी मेख बहुतेक ठिकाणी सांगितलीच जात नाही. प्रथिनं बनवण्यासाठी पेशी डीएनएवरून आरएनए नावाची छोटी चिठ्ठी लिहून घेते आणि त्या चिठ्ठीत थायमिन लागतच नाही. तिथे त्याच्या जागी युरॅसिल हे वेगळं अक्षर असतं. म्हणजे थायमिन संपलं तरी चिठ्ठ्या लिहिणं आणि प्रथिनं बनवणं बऱ्याच अंशी चालू राहतं. (मेथोट्रेक्सेट इतर अक्षरांचाही पुरवठा थोडाफार कमी करतं, पण मोठा फटका थायमिनलाच बसतो.) पेशी दोन होऊ शकत नाही, पण खात राहते, बनवत राहते. जे दोघींत वाटलं जायचं, ते एकीतच साठत जातं.

पेशी फुगते

१९७५ साली जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी बशीत दीर्घकाळ वाढवण्याची पद्धत शोधून काढली. पुढे भाजलेल्या रुग्णांसाठी त्यांच्याच त्वचेचे पातळ पापुद्रे प्रयोगशाळेत तयार करता आले, ते याच पद्धतीमुळे. सूक्ष्मदर्शकातून अशी बशी पाहिली की तब्येत खूश होते. फरशी बसवावी तशा लहान, चमकदार कडांच्या पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. त्यांत मेथोट्रेक्सेट घाला आणि दोन-तीन दिवसांनी बघा. गर्दी वाढलेली नसते. मात्र एकेक पेशी पसरून कितीतरी मोठी झालेली असते, कडा अंधूक, मधला भाग दाणेदार. काही पेशी थराच्या वर चढून सैल झालेल्या दिसतात. बशी हलवली की पातळ खवले पाण्यात तरंगतात.

मेल्या का पेशी? नवख्या माणसाला तसंच वाटतं. पण त्या फुगलेल्या पेशींत शोध घेतला तर इन्व्होल्युक्रिन सापडतं, कवच बांधायची तयारी दिसते. त्या पिकायला लागलेल्या असतात. मेथोट्रेक्सेटमुळे माणसाच्या त्वचेच्या पेशी पिकतात, हे १९९२ मध्ये एका शोधनिबंधात नीट दाखवलं गेलं. मोठं होण्याचा आणि पिकण्याचा संबंध तर त्याआधीच लागला होता: फिओना वॉट आणि ग्रीन यांनी १९८१ मध्ये दाखवलं की बशीतल्या पेशींमध्ये इन्व्होल्युक्रिन बनवणाऱ्या पेशी म्हणजे मुख्यतः आकाराने मोठ्या झालेल्या पेशी.

आता त्याच बशीतली एक गोष्ट सांगतो, जी मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी थक्क झालो. राइनवाल्ड आणि ग्रीन यांच्या पद्धतीत त्वचेच्या पेशींना सोबत लागते ती उंदराच्या तंतुपेशींची, म्हणजे अवयवांना आधार देणारे धागे बनवणाऱ्या पेशींची. या तंतुपेशी पोषक द्रव्यं पुरवतात, पण त्यांनी स्वतः वाढून बशी भरून टाकता कामा नये. म्हणून त्यांना आधी किरणोत्सर्ग किंवा मायटोमायसिन देऊन त्यांचं विभाजन कायमचं बंद करतात. या तंतुपेशी त्यानंतर कित्येक दिवस जिवंत राहतात. नुसत्या बसून असतात आणि शेजारणीला पोसतात. पिकत नाहीत, कवच बांधत नाहीत. रक्त बनवणाऱ्या अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशींना तसाच अडथळा आला तर त्यांतल्या पुष्कळशा मरून जातात. आणि त्वचेची पेशी पिकते.

अडथळा तोच, उत्तरं तीन. औषध काय करतं हे जाणून गोष्ट अर्धीच कळते. उरलेली अर्धी ती पेशी कोणाची आहे यावर ठरते.

म्हणजे विभाजन थांबलं की पिकणं सुरू?

इथे एक गैरसमज सहज होतो. विभागणं आणि पिकणं हे जणू तराजूची दोन पारडी: एक खाली गेलं की दुसरं आपोआप वर. पाठ्यपुस्तकातही बरेचदा असंच शिकवलं जातं. पण ते खरं नाही.

शरीरात टीजीएफ-बीटा नावाचं एक प्रथिन असतं. ते दिलं की त्वचेच्या पेशी विभागायच्या थांबतात, पण तेवढ्याने शेवटपर्यंत पिकत नाहीत. ते काढून घेतलं की पुन्हा कामाला लागतात. तळाच्या थरातल्या मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून बाकीच्या जन्मतात त्या, एरवीही पुष्कळ वेळ शांत बसलेल्या असतात. त्याही पिकत नाहीत. नक्कल सुरू करण्यापूर्वी थांबलेली पेशी आणि नक्कल अर्धी झाल्यावर अडकलेली पेशी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली उंबरठ्यावरच थांबलेली आहे, परत फिरू शकते. दुसरीचं एक पाऊल आत, एक बाहेर. तिच्या हातातली पोथी अर्धवट, ठिकठिकाणी फाटायला आलेली.

हे कोडं उलगडण्यात आल्बेर्तो गांदारियास यांच्या गटाचं काम मला फार मोलाचं वाटतं. १९९७ मध्ये त्यांनी आणि वॉट यांनी दाखवलं की मिक नावाचं, पेशीला वाढीसाठी ढकलणारं जनुक त्वचेच्या मूलपेशींत जास्त चालू केलं, तर त्या अमर्याद वाढत नाहीत, पिकायला लागतात. वाढीची घाई केली आणि निघालं पिकणं! पुढे २०१२ आणि २०१४ च्या त्यांच्या शोधनिबंधांतून चित्र स्पष्ट होत गेलं. डीएनएच्या नकलेवर ताण आला की त्वचेच्या पेशीला प्रत्यक्ष दोन होण्याची पायरी गाठता येत नाही किंवा ती पायरी निसटते. पेशी मोठी होते, कधी तिच्यात डीएनएचे दुप्पट संचही साठतात, आणि ती पिकण्याच्या वाटेला लागते. पी-५३ हा जनुकांचा प्रसिद्ध राखणदार. तो निकामी केल्यावर तरी बिघडलेल्या पेशी मोकाट वाढतील, अशी अपेक्षा होती. २०१४ च्या प्रयोगात त्याही पिकल्या आणि गळून पडल्या.

याचा अर्थ मी असा लावतो: त्वचेवर जन्मभर ऊन पडत असतं, डीएनएला इजा होत असते. बिघडलेल्या प्रत्येक पेशीला जागच्या जागी मारत बसलं तर भिंतीला भोकं पडतील. त्यापेक्षा तिलाच खवला करून वर पाठवून दिलं तर ती जाता जाता भिंतीची वीट होऊन जाते. डीएनए रोखणारी औषधं ही जुनी सोय नकळत वापरतात.

मग सोरायसिसमध्ये गोळी हेच करते का?

पूर्वी डॉक्टर "हो" म्हणत. आणि ते म्हणणं सहज पटण्यासारखं होतं.

सोरायसिसच्या चट्ट्यात तळाच्या पेशी भलत्याच वेगाने विभागतात. जो प्रवास ४ ते ६ आठवड्यांचा, तो आठवड्याभरात आटोपतो. पिकायला वेळच मिळत नाही. तिथला चंदेरी पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर त्यातल्या खवल्यांत केंद्रकं अजून शिल्लक दिसतात. निरोगी खवल्यात ती कधीच विरघळलेली असती. पापुद्रा अलगद खरवडून काढला तर खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उगवतात, कारण तिथे पदर पातळ झालेला असतो आणि रक्तवाहिन्या पार वर आलेल्या असतात. अशा ठिकाणी विभाजन रोखणारं औषध दिलं की पेशींना सावकाश पिकायला अवधी मिळेल, हा विचार चुकीचा नव्हता.

शोध मात्र योगायोगाने लागला. मेथोट्रेक्सेटचं भावंड असलेलं अमिनोप्टेरिन हे औषध येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आलं. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी त्याने लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग काही काळ आटोक्यात येतो हे दाखवलं. मग १९५१ मध्ये गबनर या डॉक्टरांनी ते संधिवातासाठी वापरून पाहिलं आणि सोरायसिसचे चट्टे मावळल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

नंतर मोजमाप झालं तेव्हा हिशोब जुळेना. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम देतात. कर्करोगात काही वेळा ग्रॅमच्या मापात देतात. एवढ्याशा डोसाने त्वचेच्या पेशी फारशा अडत नाहीत. मात्र विभागणाऱ्या लसिका पेशी, म्हणजे रोगप्रतिकारातल्या सैनिक पेशी, त्याला कितीतरी जास्त बळी पडतात, हे १९९५ च्या सुमाराच्या प्रयोगांत दिसलं. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशींना घाई करायला लावणारे संदेश याच सैनिक पेशींकडून येतात. शिवाय औषधामुळे अडेनोसिन हे दाह शमवणारं द्रव्यही वाढतं. म्हणजे आज आपल्याला कळतं ते असं: गोळी मुख्यतः घाई करायला लावणाऱ्याचा आवाज बंद करते आणि मग त्वचा आपल्या चालीने पिकू लागते. त्वचेच्या पेशींवर थेट परिणाम थोडाफार असेलही, पण मोठा वाटा त्याचा नाही.

बशीतलं सत्य आणि माणसातलं सत्य असं वेगळं निघालं म्हणून बशीतलं खोटं ठरत नाही. बशीत औषध जास्त प्रमाणात पोचतं. तेवढंच ते माणसात पोचलं की काय होतं, ते पुढे येतंच आहे.

पिकणं चांगलं, तर तोंड का येतं?

केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो. पेशी मरत नाहीत, पिकतात म्हणता, मग तोंडात जखमा का होतात, तळहातांची सालं का निघतात?

कारण आवक बंद झालेली असते. तळाच्या पेशी अडकून पिकल्या आणि वर निघून गेल्या, तर त्यांच्या जागी नव्या कोण येणार? काही दिवस वरचा साठा पुरतो, मग पदर विरतो. तोंडाच्या आतलं अस्तर बाह्यत्वचेपेक्षा लवकर बदलतं, म्हणून तिथे आधी दिसतं. कॅपेसिटाबिन हे औषध शरीरात गेल्यावर ५-फ्लुओरोयुरॅसिल बनतं, त्यात तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलतात. हायड्रॉक्सीयुरिया वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या त्वचेचा पदर पातळ होतो, घोट्याजवळ चिवट जखमा होऊ शकतात.

आणि आता ती आठवड्यातून एकदाची गोष्ट. चुकून रोज एक गोळी घेतली गेल्यामुळे माणसं दगावली आहेत. ही भीती मात्र खरी आहे आणि ती मनात बाळगावीच. असा जादा डोस अंगात साठायला लागला की सोरायसिस असलेल्या माणसात पहिल्या खुणांपैकी एक कुठे दिसते, ठाऊक आहे? त्या जुन्या चट्ट्यांवरच. कोरडा, जाड चट्टा अचानक हुळहुळा होतो, सोलवटतो, ओला होतो. जिथे पेशी सर्वांत वेगाने विभागत होत्या, तिथेच नक्कल सर्वांत जास्त ठिकाणी अर्धवट राहिली. असं दिसलं किंवा तोंड आलं, ताप आला, तर पुढच्या गोळीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. मूत्रपिंडं नीट चालत नसतील तर ठरलेला डोसही जास्त होऊ शकतो, म्हणून मध्ये मध्ये रक्त तपासतात. फोलिक अ‍ॅसिडची जी दुसरी गोळी देतात, ती तोंड येण्यासारखे त्रास कमी ठेवण्यासाठी असते, शक्तीची म्हणून टाळायची नसते. गरोदरपणात मेथोट्रेक्सेट अजिबात चालत नाही, गर्भातल्या पेशींना तर विभागण्यावाचून दुसरं कामच नसतं.

उन्हाने बिघडलेल्या डागांवरचं मलम

५-फ्लुओरोयुरॅसिल मलमाच्या रूपातही मिळतं. शिरेतून हे औषध दिलेल्या रुग्णांच्या कातडीवरचे उन्हाने झालेले खरखरीत डाग लाल होऊन फुलतात आणि मग बरे होतात, हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आलं. त्यावरून मलम निघालं. या डागांतल्या पेशी कर्करोगाच्या वाटेवर असू शकतात. मलम लावायला लागल्यावर काही दिवसांनी डाग तापतो, खपली धरतो, ओला होतो. साधारण २ ते ४ आठवडे हा त्रास सोसावा लागतो. शेजारची निरोगी त्वचा बऱ्यापैकी शाबूत राहते, कारण तिथे त्या काळात नक्कल करायला बसलेल्या पेशीच कमी असतात. कित्येकदा डोळ्यांना न दिसलेला डागही या मलमाने उघडा पडतो.

मग चेहरा उजळायला हे सगळ्यांनीच का लावू नये? लावू नये. निरोगी त्वचेत उखडून टाकण्यासारखं काही नसतं आणि हाती उरते ती फक्त जळजळ.

केस, नखं आणि राखून ठेवलेल्या पेशी

औषध थांबल्यावर सगळं पुन्हा उगवतं कसं, हा शेवटचा प्रश्न. केसांच्या मुळाशी रात्रंदिवस विभागणाऱ्या पेशी औषधाला बळी पडतात, केस गळतात. पण त्यांच्या थोडं वर, केसाच्या नळीच्या कडेला, मूलपेशी निवांत बसलेल्या असतात. त्यांनी त्या दिवसांत पोथी उघडलेलीच नसते, त्यामुळे शाई आटल्याचा त्यांना फारसा फरक पडत नाही.

नखावर तर याची लेखी नोंदच राहते. केमोथेरपी घेतलेल्या माणसाच्या बोटांकडे दोनेक महिन्यांनी निरखून पाहा. सगळ्या नखांवर एकाच उंचीवर एक आडवी खाच असते. जोसेफ बो या फ्रेंच वैद्याने १८४६ मध्ये अशा खाचांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना बोच्या रेषा म्हणतात. नखाच्या मुळाशी विभाजन अडलं, त्या दिवसांतलं नख कमी बनलं, आणि तीच खाच आता पुढे सरकते आहे. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. खाच कातड्यापासून ६ मिलिमीटरवर असेल तर अंदाजे दोन महिन्यांपूर्वी तो दिवस होता. खाचेच्या मागे, बोटाकडच्या बाजूला, नख पुन्हा गुळगुळीत आलेलं असतं. आणखी तीन-चार महिन्यांत खाच टोकाला पोचते आणि नेलकटरने कापली जाते.